सोपी कार्यालयीन मराठी

सोपी कार्यालयीन मराठी म्हणजे ऑफिसातली पत्रं, नोटिसा, परिपत्रकं आणि ईमेल असे लिहिणं की ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला हवी ती गोष्ट पटकन सापडावी, वाचल्यावर कळावी आणि पुढे काय करायचं ते ठरवता यावं. २०२३ साली आलेल्या आयएसओ २४४९५-१ या आंतरराष्ट्रीय मानकातही साधारण याच कसोट्या आहेत. ब्रिटनमध्ये १९७९ साली क्रिसी मॅहर यांनी पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी फॉर्मांचे तुकडे करून प्लेन इंग्लिश कॅम्पेन ही सोप्या इंग्रजीची चळवळ सुरू केली, अमेरिकेत २०१० साली याचा कायदाच झाला.

आपल्याकडे मात्र हा विषय निघाला की गाडी शब्दांवरच अडते. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याच वर्षी भाषा संचालनालय आलं, मग सरकारी पदांच्या मराठी नावांचा पदनाम कोश आणि पुढे वेगवेगळ्या विषयांच्या संज्ञांचे परिभाषा कोश आले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. हे काम खरंच मोठं आहे, त्याच्याशिवाय मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत मराठीत फाइल चाललीच नसती. पण या सगळ्यात वाद झाला तो कुठला शब्द शुद्ध, कुठला परका, कुठला बोजड यावर, आणि वाक्य कसं असावं, मजकुरात आधी काय यावं नि नंतर काय, याकडे फार कमी लोकांनी बघितलं. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

उदाहरण म्हणून जमिनीच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस घ्या. नेहमीच्या साच्यात ती अशी लिहिली जाते: "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आपली काही हरकत असल्यास ती विहित मुदतीत सादर करण्यात यावी, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून उचित कार्यवाही करण्यात येईल." यातले शब्द दहावी झालेल्या माणसाला बहुतेक कळतात, तरी नोटीस हातात घेऊन तो शेजाऱ्याकडे जातो, कारण कुठली जमीन, कोणाचं नाव लागतंय, हरकत कधीपर्यंत नि कुठे द्यायची, यातलं काहीच त्याला मिळालेलं नसतं. आता हीच नोटीस अशी लिहून बघा: "गट नंबर अमुकच्या सातबाऱ्यावर तुमच्या भावाचं नाव लावायचा अर्ज आला आहे. तुमची हरकत असेल तर ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तलाठी कार्यालयात लेखी द्या. हरकत आली नाही तर नोंद मंजुरीसाठी मंडळ अधिकाऱ्यांकडे जाईल." जवळपास तेवढीच लांबी, पण आता वाचणाऱ्याला माहितीय की उद्या सकाळी कुठे जायचंय.

"करण्यात यावी", "करण्यात येईल" ही कर्मणी वळणं इतकी अंगवळणी पडलीयत की लिहिणाऱ्याला जाणवतही नाहीत, पण त्यात काम करणारा माणूस गायब होतो. खाजगी कंपन्यांतही तेच चालतं, पाच जणांना सीसी करून "पुढील कार्यवाहीस्तव" असा मेल जातो आणि पाचही जण दुसरा कोणी तरी करेल म्हणून बसून राहतात. पहिल्याच ओळीत कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते लिहिलं की निम्मे फोन वाचतात.

सोपं म्हणजे शुद्ध असंही नाही. अर्ज, तारीख, हरकत, वसुली हे शब्द बाहेरून आले आणि आपलेच झाले, तसंच ओटीपी, लिंक, अपलोड यांचंही होतंय, त्यांना ओढूनताणून संस्कृत कपडे घालून वाचणाऱ्याचं काहीच भलं होत नाही.

कधीकधी हा नुसता सोयीचा नाही तर हक्काचा प्रश्न असतो. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ७(८) प्रमाणे अर्ज नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावाच लागतो. "सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे" एवढंच लिहून पाठवलं तर भाषा अवघड झालीच, शिवाय ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं हेही त्या माणसाला कळत नाही, मुदत निघून जाते आणि तो गप्प बसतो.

कायद्यात अर्थ पक्का झालेले शब्द मात्र बदलायचे नसतात. बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, बोजा यांच्या जागी मनाने सोपा शब्द टाकला तर उद्या कोर्टात त्याचा वेगळाच अर्थ लागू शकतो, म्हणून ते तसेच ठेवायचे आणि पहिल्यांदा येतील तिथेच एका वाक्यात सांगायचं, उदाहरणार्थ "सातबाऱ्यावर बोजा आहे, म्हणजे या जमिनीवर घेतलेलं कर्ज अजून बाकी दिसतंय".