सामाईक बाजारपेठ आणि सामाईक तिजोरी : आर्थिक संघात सामील होणाऱ्या देशांच्या शेतीची पार्श्वभूमी

भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये ‘आरसेप’ या सोळा देशांच्या प्रस्तावित व्यापार करारातून बाहेर पडला, तेव्हा त्या निर्णयाचे सर्वांत मनापासून स्वागत झाले ते दूध उत्पादकांकडून. न्यूझीलंडची दूध भुकटी आणि लोणी नाममात्र शुल्कात देशात येऊ लागले, तर बारामती, इंदापूर, शिरूर, जुन्नर या भागांत चार-सहा गाई सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या दुधाला काय भाव मिळणार, हा त्या वेळचा प्रश्न होता. युरोपीय संघाशी २००७ मध्ये सुरू झालेली आणि २०१३ मध्ये थांबलेली मुक्त व्यापाराची बोलणी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा पुढे आला. पुण्यात या विषयाची चर्चा निघते तेव्हा युरोपचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. सीमा खुल्या केल्यामुळे तिथला शेतकरी सधन झाला असे एक बाजू म्हणते आणि लाखो लहान शेतकरी शेतीतून बाहेर फेकले गेले असे दुसरी. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र युरोपातील देशांनी बाजारपेठ एक करताना शेतीसाठी एक सामाईक तिजोरीही उभी केली होती, ही गोष्ट दोन्हीकडून सुटते, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासाची किल्ली तिथेच आहे.

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी २५ मार्च १९५७ रोजी रोमच्या करारावर सह्या केल्या. त्यातून उभ्या राहणाऱ्या सीमाशुल्क संघात, म्हणजे आपसांत शुल्क नाही आणि बाहेरच्या मालाला सर्वांचे एकच शुल्क अशा व्यवस्थेत, शेती घ्यायची की वगळायची, हा त्या वेळी वादाचा विषय होता. जर्मनीला आपल्या कारखानदारीसाठी मोठी बाजारपेठ हवी होती, तर फ्रान्सला आपल्या गव्हासाठी आणि साखरेसाठी हक्काचे गिऱ्हाईक हवे होते. शेती वगळून झालेला करार फ्रान्सने मान्य केलाच नसता. शिवाय महायुद्धातील उपासमार सर्वांच्या आठवणीत ताजी होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये हजारो माणसे भुकेने मेली होती, आणि त्याच देशाचे युद्धोत्तर कृषिमंत्री सिको मान्सहोल्ट, जे स्वतः शेतकरी होते, पुढे युरोपीय आयोगात शेतीखात्याचे प्रमुख झाले. जुलै १९५८ मध्ये इटलीतील स्त्रेझा येथे झालेल्या परिषदेनंतर सामाईक कृषी धोरणाची आखणी सुरू झाली आणि १९६२ मध्ये ते अमलात येऊ लागले. सदस्य देशांमध्ये शेतमालाची मुक्त वाहतूक, बाहेरच्या मालापेक्षा आतल्या मालाला प्राधान्य आणि या सगळ्याच्या खर्चाची एकत्रित जबाबदारी, अशी त्याची तीन तत्त्वे होती.

यातील तिसरे तत्त्व कागदावर राहिले नाही. जर्मनीत धान्याचे भाव फ्रान्सपेक्षा बरेच चढे होते. सहा देशांत एकच भाव ठरवायचा तर जर्मन शेतकऱ्याला झळ बसणार, हे उघड होते. डिसेंबर १९६४ मध्ये सामाईक भावावर एकमत झाले, जुलै १९६७ पासून तो लागू झाला आणि ज्यांचे भाव उतरले त्या देशांतील शेतकऱ्यांना पुढची काही वर्षे भरपाई देण्यात आली. हा पैसा कुठून यायचा आणि त्यावर ताबा कोणाचा, यावरून १९६५ मध्ये फ्रान्सने काही महिने बैठकांवर बहिष्कार टाकला होता, इतका हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता.

या धोरणाची यंत्रणा आपल्याकडच्या वाचकाला हमीभावाच्या अंगाने चटकन कळेल. आतला भाव ठरावीक पातळीखाली घसरला की सरकारी संस्था माल विकत घेत. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालावर चढ-उतार होणारे शुल्क लावून त्याची किंमत आतल्या भावापर्यंत आणली जाई. आणि शिल्लक माल जगाच्या बाजारात विकता यावा म्हणून निर्यात अनुदान दिले जाई. आपल्याकडे हमीभाव जाहीर होतो, पण गहू, भात आणि मोजकी पिके सोडली तर खरेदी क्वचितच होते. तिथे ती खरोखर होत असे. परिणामी १९७० च्या दशकापासून लोण्याचे, दूध भुकटीचे आणि धान्याचे प्रचंड साठे जमा झाले, १९८० च्या दशकात संघाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा एकट्या शेतीवर जाऊ लागला आणि १९८४ मध्ये दुधाच्या उत्पादनावर कोटा लावावा लागला, जो पुढे ३१ मार्च २०१५ पर्यंत चालला. अनुदानाच्या बळावर बाहेर ढकललेल्या या मालाने गरीब देशांतील शेतकऱ्यांचे भाव पाडले, हेही त्याच इतिहासाचे अंग आहे.

नवा देश संघात आला की काय होते, याचे पहिले मोठे उदाहरण १ जानेवारी १९७३ चे. त्या दिवशी ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क सदस्य झाले. आयर्लंडचे लोणी आणि गुरे तोवर मुख्यतः ब्रिटनच्या बाजारावर अवलंबून होती आणि ब्रिटनचे धोरण स्वस्त अन्नाचे होते. संघात येताच आयरिश शेतकऱ्याला युरोपचे चढे भाव आणि सामाईक तिजोरीचा आधार एकदमच मिळाला. १९७२ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ८३ टक्के मतदारांनी होकार दिला होता, त्यात ग्रामीण भागाचा उत्साह मोठा होता. ब्रिटनची गोष्ट उलटी झाली. १९४७ च्या कृषी कायद्यानुसार तिथे आयात खुली ठेवून शेतकऱ्याला भावातला फरक सरकारी खजिन्यातून दिला जाई. आता तोच भार वाढलेल्या भावांच्या रूपाने ग्राहकाच्या माथी आला, आणि शेती लहान असल्यामुळे संघाच्या तिजोरीतून देशाला मिळणारा वाटा भरलेल्या रकमेपेक्षा बराच कमी राहिला. १९८४ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे संघाच्या तिजोरीत भरायच्या रकमेत सूट मिळवली, तिचे मूळ इथे आहे.

ब्रिटनच्या प्रवेशाचे धक्के दूरवर बसले. न्यूझीलंडचे बहुतेक लोणी ब्रिटनमध्ये खपत असे, आणि त्या देशाला नव्या बाजारपेठांच्या शोधात आशियाकडे वळावे लागले. आज त्याच्या भुकटीची आपल्याला वाटणारी धास्ती त्या वळणाशी जोडलेली आहे. राष्ट्रकुलातील ऊसउत्पादक देशांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून १९७५ मध्ये साखरेचा स्वतंत्र करार झाला, भारतही त्या व्यवस्थेत आला आणि आपल्याला युरोपच्या चढ्या भावाने साखर विकण्याचा छोटासा कोटा मिळाला.

स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये आले, तेव्हा दक्षिण फ्रान्समधील द्राक्ष आणि भाजीपाला उत्पादकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. म्हणूनच स्पॅनिश फळभाज्यांसाठी बाजार टप्प्याटप्प्याने खुला करण्याची लांबलचक मुदत ठरवली गेली. फिनलंडने १९९५ मध्ये वेगळाच अनुभव घेतला. तिथले भाव संघापेक्षा चढे होते आणि प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी ते संघाच्या पातळीवर उतरवणे भाग पडले. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातील शेती टिकावी म्हणून राष्ट्रीय खजिन्यातून कायमची मदत देण्याची मुभा फिनलंडने प्रवेशाच्या अटींतच लिहून घेतली होती. शेजारच्या नॉर्वेने मात्र १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत नकार दिला, आणि त्यात शेतकरी व मच्छीमार आघाडीवर होते.

सर्वांत जास्त शिकण्यासारखे उदाहरण पोलंडचे. साम्यवादी राजवटीतही तिथली बहुतेक जमीन खासगी कुटुंबांच्या हातात राहिली होती आणि धारणक्षेत्र लहान होते, त्यामुळे आपल्याशी त्याचे साम्य अधिक आहे. १ मे २००४ रोजी पोलंडसह दहा देश संघात आले. तोवर संघाचे कृषी आयुक्त रे मॅक्शॅरी यांच्या १९९२ च्या सुधारणेने आधारभाव कमी करून शेतकऱ्याला थेट रक्कम देण्याची पद्धत सुरू झाली होती. नव्या सदस्यांना ही रक्कम पहिल्या वर्षी जुन्यांच्या फक्त २५ टक्के मिळणार होती आणि पूर्ण पातळीवर यायला २०१३ उजाडणार होते, म्हणजे सीमा पहिल्या दिवशी खुली आणि मदत हप्त्यांनी. पोलंडमध्ये यावर संताप होता. शेतजमीन परदेशी लोक विकत घेतील या भीतीपोटी पोलंडने बारा वर्षांचे निर्बंधही मागून घेतले.

प्रत्यक्ष कसोटी दुधाच्या गुणवत्तेवर लागली. आपल्याकडे गावच्या संकलन केंद्रावर किटली उतरली की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घनपदार्थ) तपासले जाते आणि गाईच्या दुधाचा दर ३.५ व ८.५ या मापावर ठरतो. युरोपीय नियमांत त्याखेरीज एका मिलिलिटर दुधात जिवाणूंची संख्या एक लाखाच्या आत आणि गाईच्या कासेचे आरोग्य दाखवणाऱ्या पेशींची संख्या चार लाखांच्या आत असावी लागते. म्हणजे गोठ्यात थंड टाकी हवी, धारेची यंत्रे स्वच्छ हवीत आणि पशुवैद्याची नोंद हवी. दोन-तीन गाईंच्या धन्याला हा खर्च परवडत नाही. त्यामुळे अशा असंख्य कुटुंबांनी दूध डेअरीला घालणे सोडले, लहान डेअऱ्या आणि कत्तलखाने बंद पडले, आणि जे टिकले त्यांनी संघाच्या निधीतून आधुनिकीकरण केले. पोलंडची शेतमाल व खाद्यपदार्थांची निर्यात २००४ मधील सुमारे ५ अब्ज युरोवरून दोन दशकांत ५० अब्ज युरोच्या पुढे गेली. त्याच काळातील दुसरा आकडा असा की २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत संपूर्ण युरोपीय संघातील शेतकरी-धारणांची संख्या सुमारे ३७ टक्क्यांनी घटून ९१ लाखांवर आली, आणि गेलेल्यांपैकी बहुसंख्य पाच हेक्टरांहून लहान होते. जमीन पडीक राहिली नाही, ती मोठ्यांकडे गेली. थेट रक्कम हेक्टरच्या हिशेबाने मिळत असल्याने तिचाही मोठा भाग मोठ्या शेतकऱ्यांकडेच जातो, आणि हा दोष वारंवारच्या सुधारणांनंतरही नीट निघालेला नाही. लहान शेतकऱ्याच्या नावाने उभी केलेली तिजोरी त्याच्यापर्यंत सर्वांत कमी पोहोचावी, ही मला या धोरणाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

तरीही तिजोरी असणे आणि नसणे यांतला फरक मेक्सिकोकडे पाहिले की कळतो. १ जानेवारी १९९४ पासून लागू झालेला ‘नाफ्ता’ हा उत्तर अमेरिकेतील देशांचा केवळ व्यापार करार होता. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या शेतीसाठी त्यात सामाईक निधी नव्हता. मेक्सिकोच्या मक्याला पंधरा वर्षांचे संक्रमण दिले होते, परंतु कोट्याबाहेरच्या आयातीवरचे शुल्क सरकारने बहुतांशी वसूलच केले नाही, त्यामुळे संरक्षण मुदतीआधीच निकामी झाले. सरकारने स्वतःच्या खजिन्यातून मका उत्पादकांना थेट रक्कम दिली, ती अमेरिकेच्या अनुदानांपुढे तोकडी होती. अॅव्होकॅडो, टोमॅटो आणि बेरी पिकवणाऱ्या सिंचित भागाने मात्र चांगले पैसे कमावले.

साखरेचा अनुभव महाराष्ट्राने विशेष लक्षात घ्यावा. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक असताना विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्या उभारणीत सामील झाले, तेव्हा ऊसउत्पादकाला कारखान्याचा मालक करावे, हा विचार त्यामागे होता. आयर्लंडमध्ये बीटसाखरेचा उद्योग १९२६ पासून होता. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंड यांच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर अनुदानाविरुद्ध निकाल गेल्यावर २००६ मध्ये संघाने साखरेचा संदर्भभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी कमी केला, आणि त्याच वर्षी मॅलो येथील आयर्लंडचा अखेरचा साखर कारखाना बंद झाला. साखर उत्पादनाचा आपला कोटा सोडणाऱ्या कारखान्याला सुरुवातीला टनाला ७३० युरो भरपाई होती आणि तिचा किमान दहावा हिस्सा बीट उत्पादक व यंत्रधारकांना देणे बंधनकारक होते. उद्योग गेला, पण बीट उत्पादक रिकाम्या हाताने घरी गेला नाही. भारताच्या ऊस व साखर अनुदानांविरुद्धही ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी तक्रार केली, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला आणि भारताने अपील केले. आपल्या ऊसउत्पादकासाठी अशा भरपाईची कोणतीही तरतूद आज दिसत नाही.

संघाबाहेरच्या शेतकऱ्याला संघ एका सलग सीमेसारखा भेटतो. २०१० मध्ये ‘सीसीसी’ या नावाने बागायतदारांना माहीत असलेल्या वाढरोधकाचे अंश सापडल्यावर आपल्या द्राक्षांचे कंटेनर नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात अडकले, आणि त्या एका बंदराचा फटका साऱ्या युरोपभर बसला. १ मे २०१४ पासून फळमाशीच्या कारणाने हापूससह भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावर बंदी आली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. द्राक्षांना मोसमात सुमारे ८ टक्के शुल्क भरावे लागत आले आहे, तर चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिका यांचा माल करारांमुळे विनाशुल्क जातो.

संघाच्या आत शेतकऱ्याला मिळणारी आणखी एक गोष्ट चाकण, खेड आणि जुन्नरच्या कांदा उत्पादकाला पटकन उमजेल. सदस्य देशाला दुसऱ्या सदस्य देशात जाणारी शेतमालाची निर्यात बंद करता येत नाही. मूळ करारातच त्याला मनाई आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी आली, जी मे २०२४ पर्यंत राहिली. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाण येथे शेती करायला आलेल्या शरद जोशी यांनी खुल्या बाजाराची बाजू घेतली, ती सरकारच्या याच हातापासून शेतकऱ्याची सुटका व्हावी म्हणून. त्यांच्या मांडणीतला हा भाग युरोपचा अनुभव खरा ठरवतो. मोकळ्या बाजारात टिकण्यासाठी लहान शेतकऱ्याच्या संक्रमणाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मात्र त्या मांडणीत मागे राहिला.

युरोपात हा प्रश्न आता युक्रेनच्या रूपाने पुन्हा उभा आहे. जून २०२२ मध्ये संघाने युक्रेनी मालावरचे शुल्क काढले, त्याच महिन्यात त्या देशाला सदस्यत्वाच्या उमेदवाराचा दर्जा मिळाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये स्वस्त धान्याच्या लोंढ्यामुळे पोलंडनेच आयात थांबवली. युक्रेनची लागवडयोग्य जमीन ३ कोटी हेक्टरांहून अधिक आहे, आणि हेक्टरी रक्कम देण्याची आजची पद्धत तशीच ठेवली तर जुन्या सदस्यांच्या वाट्याला कात्री लागेल. वीस वर्षांपूर्वी हप्त्यांच्या मदतीवर रागावलेले पोलिश शेतकरी आज युक्रेनला दीर्घ संक्रमण आणि टप्प्याटप्प्याची मदत असावी, अशी मागणी करत आहेत.