स्कीपटूंची उतारनिवड आणि भूरूप

स्कीपटू ज्या उतारांवर रमतात त्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. टेरेन पार्क म्हणजे यंत्रांनी बर्फ रचून आणि कोरून तयार केलेला राखीव पट्टा. त्यात उड्यांसाठी चढण, वरून घसरत जाण्यासाठी लोखंडी रेल व बॉक्स आणि क्वचित हाफपाइप, म्हणजे दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेला बर्फाचा अर्धगोल चरही असतो. नैसर्गिक उतार म्हणजे घळी, कडे, झाडी, हिमनद्या आणि वाऱ्याने साठवलेला भुसभुशीत हिम. पार्क तरुणांचा आणि मोकळा डोंगर अनुभवी माणसांचा, अशी समजूत रूढ आहे, पण ती अपुरी आहे. स्कीपटू कोणत्या डोंगरावर शिकला आणि रोज कुठे जातो, हे त्याच्या आवडीबद्दल वयापेक्षा जास्त सांगते.

बुटक्या टेकड्यांवर हे सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेतील मिनेसोटामधले हायलंड हिल्स आणि फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळचे टाल्मा या दोन्ही ठिकाणी माथा आणि पायथा यांतील उंचीचा फरक जेमतेम ५०–६० मी. आहे. सरळ खाली आले तर अर्ध्या मिनिटात सगळे संपते आणि दुसऱ्या खेपेला नवे काही उरत नाही. त्याच उतारावर रेल आणि उड्या उभ्या केल्या की प्रत्येक खेप वेगळी होते. दोरीला धरून वर नेणारी साधी लिफ्ट लगेच माथ्यावर पोहोचवते. त्यामुळे दिव्यांच्या उजेडात एका संध्याकाळी तीच उडी कित्येकदा करून पाहता येते. हवेतील कसरती अंगवळणी पडायला अशीच पुनरावृत्ती लागते आणि उंच पर्वतावर ती मिळणे अवघड असते. फिनलंडचा सर्वोच्च बिंदू १,३२४ मी. आहे, तरीही तेथील पेटू पीरोइनेनने २०१० च्या ऑलिंपिकमध्ये हाफपाइपचे आणि एन्नी रुकायार्वीने २०१४ मध्ये स्लोपस्टाइलचे, म्हणजे रेल आणि उड्यांच्या मार्गावरील कसरतींचे, रौप्यपदक मिळवले. दोघेही स्नोबोर्डवरचे, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून उतरणारे, पण पार्क दोन्ही खेळांचे सामाईक असते. स्कीवरचे उदाहरण टॉम वॉलिशचे. पिट्सबर्गसारख्या, मोठ्या पर्वतांपासून दूर असलेल्या शहरातून आलेला हा स्कीपटू २०१३ मध्ये स्लोपस्टाइलचा विश्वविजेता झाला.

बुटकी टेकडी पुनरावृत्तीकडे ढकलते, मात्र ती पुनरावृत्ती रेलवरच व्हावी असे नाही. मिनेसोटातल्याच बक हिल या शंभर मीटरही नसलेल्या टेकडीवर लिंडसे व्हॉन खांबांमधून वळणे घेत शर्यतीचे स्कीइंग शिकली आणि २०१० मध्ये डाउनहिल या वेगाच्या शर्यतीची ऑलिंपिक विजेती ठरली. टेकडी तीच असली तरी प्रशिक्षक आणि क्लबची परंपरा वेगळी असेल, तर फळही वेगळे येते.

उंच, खडकाळ पर्वतांवर गणित उलटते. वायोमिंगमधील जॅक्सन होलला उंचीचा फरक सुमारे १,२६० मी. असून कॉर्बेट्स कुलुआर ही तिथली अरुंद घळ जगभरच्या स्कीपटूंना खुणावते. फ्रान्सच्या आल्प्समधील शामोनीला ३,८४२ मी. उंचीच्या एग्वी द्यु मिदी या शिखरावरून सुरू होणारी व्हाले ब्लांश ही वाट हिमनदीवरून सुमारे २० किमी. जाते. अशा ठिकाणी एकाच खेपेत उतार, बर्फ आणि प्रकाश अनेकदा बदलतात. बांधलेल्या अडथळ्यांची उणीव मग कोणाला फारशी जाणवत नाही. शिवाय पार्कला जागाही मिळत नाही. उडीसाठी वेग घेण्याचा पट्टा, उतरण्याचा उतार आणि पुढे वेग जिरवायला मोकळी जागा लागते. फार तीव्र उतारावर थांबायला वाव नसतो, तर फार सपाट उतारावर वेग येत नाही. या आवडीची किंमतही भूरूपच ठरवते. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि मोकळ्या डोंगराची ओढ लावणारे उतारही नेमके तेच. म्हणून तिथे जाणाऱ्याला हिमाखाली गाडलेल्या माणसाला शोधून काढण्याचे शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे वापरता आलेच पाहिजे. ही तयारी नसलेल्याने पार्क निवडला, तर तो त्याचा शहाणपणा मानावा.

उताराइतकाच बर्फाचा पोतही महत्त्वाचा असतो. सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावर ओलावा घेऊन होक्काइदो बेटावर हलका, कोरडा हिम सतत टाकतात. त्यामुळे तिथल्या निसेकोला लोक भूर्ज वृक्षांच्या रानातून कंबरभर भुसभुशीत हिमात उतरायला जातात. पार्कसाठी मात्र तोच हिम त्रासाचा. तो दाबायला वेळ लागतो आणि प्रत्येक हिमवृष्टीनंतर रेल पुन्हा उकरून काढावे लागतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात वितळणे आणि पुन्हा गोठणे यांच्या चक्राने नैसर्गिक उतार अनेकदा काचेसारखा टणक होतो. यंत्राने पाडलेला दाट बर्फ मात्र तिथे आकार उत्तम धरतो. ६.७ मी. उंच भिंतींच्या हाफपाइपला इतका बर्फ लागतो, की अनेक ठिकाणी उन्हाळ्यातच जमीन कोरून त्याचा पाया तयार ठेवतात.

न्यूझीलंडमधील वानाका या गावाजवळ हा प्रभाव एकाच परिसरात दिसतो. कारड्रोनाचे खोलगट उतार रुंद आणि सौम्य आहेत, म्हणून तिथे मोठ्या उड्या आणि हाफपाइप वसले. उत्तर गोलार्धातील खेळाडू आपल्या उन्हाळ्यात सरावाला तिथे येतात. ट्रेबल कोन उभा आणि घळींचा. त्याच्या ओहळांना हाफपाइपसारखा आकार निसर्गानेच दिला आहे, त्यामुळे तिथे मोकळ्या उतारांचे शौकीन जमतात. २०२० मध्ये कारड्रोनाच्या कंपनीने ट्रेबल कोन विकत घेतले. मालक एक झाले तरी दोन्ही डोंगरांची ओळख वेगळीच राहिली, आणि प्रस्तुत विषयासाठी याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

काही पर्वत या विभागणीत बसत नाहीत. कॅलिफोर्नियातील मॅमथ ३,३६९ मी. उंच आहे. माथ्याजवळ तीव्र घळी, तर खाली रुंद ज्वालामुखीय उतार असल्याने तिथे दोन्ही प्रकार वाढले. वादळात वरच्या लिफ्ट बंद पडल्या की स्कीपटू आपसूक खालच्या उतारांवर येतात, म्हणजे एका माणसाची आवडही हवेनुसार दिवसागणिक बदलू शकते. फ्रान्समधील ला क्लुझाचा कांदिद तोव्हे २००७ मध्ये एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्लोपस्टाइलमध्ये पहिला आला आणि २०१० मध्ये त्याने नैसर्गिक उतारांवरची फ्रीराइड वर्ल्ड टूर जिंकली. अशा खेळाडूंमुळे पार्कमधल्या गिरक्या आता मोकळ्या कड्यांवरही दिसतात. उलट दिशेने, फ्रान्समधल्याच आव्होरियाझच्या ‘द स्टॅश’मध्ये जंगलातच ओंडके आणि लाकडी बांधकाम वापरून पार्क रचला आहे. तिथे झाडांतून वाट काढत जाणाऱ्याला वाटेतच घसरायला ओंडका आणि उडीसाठी लाकडी कठडा मिळतो.