जठरदाह म्हणजे पित्त नव्हे: एका शब्दाची पार्श्वभूमी

एन्डोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने पोट आतून पाहण्याच्या, अहवालावर ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या खालच्या भागातल्या अस्तराचा दाह) असं लिहून आलं की इंदूरच्या मराठी घरात त्याचं मराठी एका शब्दात होतं: पित्त. शेजारचे त्यालाच ‘गैस’ म्हणतात, औषधाच्या दुकानात ती ‘एसिडिटी’ होते आणि रामबागेतून आत्याबाईंचा फोन येईपर्यंत ‘अल्सर’.

मुळात आपलं पित्तच लई कामाचं. घशाशी आंबट आलं तरी पित्त, उलटीत हिरवं-पिवळं पडलं तरी पित्त, उपासाने डोकं चढलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. पहिलं जठरातलं आम्ल, दुसरा यकृतातून येणारा रस, तिसरी बरेचदा अर्धशिशी, चौथी ॲलर्जी. उपाय मात्र बहुतेक घरांत एकच, आमसुलाचं पाणी. जुन्या वैद्यकात इतकी सरमिसळ नव्हती. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय आहे आणि अन्न पचत असताना उठणारा परिणामशूल त्यात वेगळा धरलेला आहे.

गॅस्ट्रायटिस या शब्दाचा इतिहासही काही सरळ नाही. १७२८ मध्ये एका जर्मन वैद्याने तो वापरला. शतकभराने पॅरिसमधल्या एका वजनदार डॉक्टरने जवळजवळ प्रत्येक रोगाचं मूळ जठर-आतड्यांच्या दाहात शोधलं आणि जळवा लावायची अशी लाट आणली, की १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून जास्त जळवा बाहेरून मागवल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका लष्करी डॉक्टरने वेगळ्याच नोंदी छापल्या. बंदुकीची गोळी लागून एका माणसाच्या पोटाला कायमचं छिद्र राहिलं होतं. त्यातून हा डॉक्टर त्याचं जठर पाहत असे. दारूनंतर अस्तर लाल, सोललेलं दिसे, पण त्या माणसाची तक्रार बरेचदा काहीच नसे. मला ही एक नोंद त्या सगळ्या जळवांहून मोलाची वाटते, कारण पुढचा सगळा घोळ इथेच आहे. अस्तर सुजलेलं असणं आणि पोट दुखणं या दोन गोष्टी आहेत. दाह असून त्रास नसतो, आणि त्रासाने जीव नकोसा झालेल्याचं अस्तर स्वच्छ निघतं.

विसावं शतक बहुतांश आम्लाच्या मागे गेलं. १९१५ पासून अमेरिकेत अल्सरच्या रोग्याला तासातासाला दूध-मलई पाजत. आपल्याकडचं थंड दूध त्याच जातीचं: घटकाभर गार वाटतं, मग दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने आम्ल पुन्हा वाढतं.

मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे दोन डॉक्टर आले. एकाला १९७९ मध्ये तपासणीसाठी काढलेल्या जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले, आज ज्यांना हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात ते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या बशा उबवणीत जास्त दिवस राहिल्या म्हणून ते प्रयोगशाळेत वाढले. १९८४ मध्ये दुसऱ्याने ते चक्क पिऊन टाकले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत दाह सापडला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिने शब्दाचं काय केलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९९० मध्ये सिडनीतल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ठरलं की दुर्बिणीतून दिसलेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं वेगवेगळं नोंदवायचं. म्हणजे नुसत्या लालीवर ‘गॅस्ट्रायटिस’ म्हणणं तेव्हाच कच्चं ठरलं होतं. तुकडा न घेता लिहिलेले अहवाल मी आजही पाहतो.

२०१५ मध्ये तज्ज्ञांची ‘क्योटोची सहमती’ प्रसिद्ध झाली, आणि खरा वाद तिथून आहे. तिचं म्हणणं असं: या जंतूमुळे होणारा दाह हाच संसर्गजन्य रोग, तक्रार असो वा नसो. विरोधात सबळ कारण नसेल तर उपचार द्यायचे. जपानला ते शोभतं. तिथे जठराचा कर्करोग फार, आणि २०१३ पासून अशा दाहाचा उपचार विम्यात आहे. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे, बहुतेकांना तो लहानपणी घरातच लागलेला असतो, आणि तरी आपल्याकडे जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. सगळ्यांना चौदा दिवस दोन-दोन अँटिबायोटिक द्यायची तर जी औषधं आधीच बोथट झाली आहेत ती आणखी बोथट होतील. अल्सर असलेल्याला, घरात जठराचा कर्करोग झालेल्याला किंवा कायम ॲस्पिरिन लागणाऱ्याला तपासून उपचार द्यावेत, याबद्दल मात्र दुमत नाही.

यात पोह्यांवरच्या शेवेचं नाव उगाच बद्दू होतं. शेव, जीरावन मसाला, कचोरी यांनी जळजळ भडकते, पण दीर्घकाळचा दाह त्यांनी होत नाही. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत मध्यरात्री खाऊन लगेच आडवं झाल्यावर घशाशी येतं, तो जठरातून वर उलटणाऱ्या आम्लाचा मामला आहे. अस्तराचे खरे वैरी जंतूखेरीज गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि दारू. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्तीच अस्तरावर उलटते; त्यांना बी-१२ कमी पडतं, आणि शाकाहारी घरात ते कमी आलं की आहारावर ढकलून मोकळं व्हायची सवय आहे.

गोळ्यांचा इतिहास छोटा. १९७६ मध्ये आम्ल कमी करणारी पहिली नवी गोळी आली, १९८१ मध्ये रॅनिटिडिन, १९८८ मध्ये ओमेप्राझोल. रॅनिटिडिनमध्ये २०१९ मध्ये कर्करोगाशी जोडलेलं अशुद्ध द्रव्य सापडलं आणि २०२२ मध्ये भारताने तिला आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. तिची जागा सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या ओमेप्राझोलसारख्या कॅप्सूलने घेतली. सहा-आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली ती वर्षानुवर्षं चालते, कारण एकदम सोडली की आम्ल काही दिवस जास्तच उसळतं आणि माणसाला वाटतं, बघा, रोग अजून आहेच. ती हळूहळू कमी करायची असते. काळी शौच, उतरणारं वजन, घास अडकणं किंवा कमी हिमोग्लोबिन असेल तर आधी दुर्बीण.

जंतूच्या श्वास-तपासणीआधी ही कॅप्सूल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवावी लागते. हे बरेचदा कुणी सांगत नाही. रोगी नेहमीप्रमाणे सकाळी कॅप्सूल घेऊन जातो, अहवाल ‘जंतू नाही’ म्हणतो, आणि घरी पुन्हा पित्तावर येऊन थांबतात.