उपसा सिंचनाची पाणीपट्टी (सांगली–सातारा)

नदीचे पाणी पंपाने उंचावर चढवून कालव्यात किंवा बंदिस्त नळात सोडणाऱ्या योजनेच्या लाभधारकाकडून घेतला जाणारा आकार. धरणाच्या पाटाने उताराने येणाऱ्या पाण्याची पट्टी आणि ही पट्टी कागदावर सारखीच दिसते, पण दोन्हींचे अर्थशास्त्र वेगळे आहे. पाटाच्या पाण्यात खर्च धरण बांधताना एकदाच होतो. उपशाच्या पाण्यात तो दर घनमीटरला, दर तासाला होत राहतो. म्हणूनच सांगली जिल्ह्यात पाण्याबद्दलचे बोलणे शेवटी वीजबिलावर येऊन थांबते.

कृष्णाकाठ हिरवा आणि त्याच्या पूर्वेचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर हे तालुके कोरडे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर आटपाडी-जतकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. नदी खाली वाहते आणि तहान वरच्या पठारावर, अशी ही रचना. राज्यांमधल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने 1976 साली कृष्णेच्या पाण्यातून महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) दिले आणि 31 मे 2000 नंतर फेरविचाराची वाट मोकळी ठेवली. त्याआधी पाणी अडवून वापरात आणण्याच्या घाईत 1996 साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि उपसा योजनांना वेग आला. कराड तालुक्यातील टेंभू, वाळवा तालुक्यातील ताकारी आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ या तीन योजना आज या भागाचा कणा आहेत. टेंभूचे पाणी साताऱ्याच्या हद्दीत उचलले जाते आणि सांगलीचे पठार ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यापर्यंत जाते.

उंचीचा हिशेब

एक घनमीटर पाणी 100 मीटर उचलायला निव्वळ 0.27 युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि नळातले घर्षण धरून एकूण कार्यक्षमता 70 टक्के मानली, तर 0.39 युनिट. एक टीएमसी म्हणजे 2 कोटी 83 लाख घनमीटर. तेवढे पाणी 100 मीटर चढवायला 1 कोटी 10 लाख युनिट लागतात, 200 मीटरला 2 कोटी 20 लाख.

हे एकरावर आणून पाहू. 8 सेंटिमीटरची एक पाळी, म्हणजे रान एकदा भिजवणे, याला एकरी सुमारे 324 घनमीटर पाणी. 200 मीटर उंचीवर त्याला 250 युनिट वीज जाते. उसाला वर्षात योजनेच्या 10 पाळ्या धरल्या, तर एकरी 2,500 युनिट. हिशेबापुरता 5 रुपये दर घेतला तरी 12,500 रुपये, तेही फक्त विजेचे. देखभाल, पाटकरी, दुरुस्ती वेगळी. पाटाने भिजवलेला ऊस जितक्या सहजपणे उभा राहतो, तितका उपशावर राहू नये, असे हा आकडाच सांगतो. तरीही तो उभा राहतो, कारण शेतकऱ्याला दिसणारी किंमत वेगळी असते.

गळतीचेही तसेच. पहिल्या टप्प्यावर, 50 मीटर उंचीवर, 100 घनमीटर पाणी मुरले तर सुमारे 20 युनिट वाया जातात. शेवटच्या टप्प्यावर, 250 मीटरवर, तेवढेच पाणी मुरले की 97. कालव्याचे अस्तरीकरण मुखाकडून सुरू करण्याची रीत असली, तरी पैसा तुटपुंजा असेल तेव्हा आधी वरचे टप्पे घ्यावेत, हे या साध्या भागाकारातून निघते. वितरणासाठी उघड्या चारीऐवजी बंदिस्त नळ घालण्यामागेही हेच कारण आहे. भूसंपादन वाचते, हा त्याचा दुसरा फायदा.

कोयनेची दोन तोंडे

उन्हाळ्यात या योजनांसाठी कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडतात, बहुधा 2,100 क्युसेकने (सेकंदाला घनफूट). या वेगाने एक टीएमसी पाणी सुटायला साडेपाच दिवस लागतात. हेच पाणी पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे वळवले तर पावणेपाचशे मीटरच्या आसपास कोसळते आणि एका टीएमसीतून तीन कोटींहून जास्त युनिट वीज देते. पूर्वेला सोडलेले पाणी पायथ्याशी थोडी वीज देते, मग पठारावर चढताना दोन कोटींवर युनिट खाते. म्हणजे सिंचनाच्या एका टीएमसीमागे हुकलेली आणि खर्चलेली वीज मिळून पाच कोटी युनिटांच्या घरात जाते. मात्र हा हिशेब सरसकट लावता येत नाही. पश्चिमेकडे वर्षाला 67.5 टीएमसीपेक्षा जास्त पाणी वळवायला लवादाची मुभा नाही. त्या मर्यादेपलीकडच्या पाण्याला पोफळीचा पर्यायच नसतो, त्यामुळे हुकलेल्या विजेची किंमत त्याच्यावर टाकणे चूक आहे.

आकारणी आणि वसुली

रीतसर पद्धत अशी: हंगामापूर्वी शेतकरी पाणी मागणीचा अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला ‘सात नंबर फॉर्म’, भरतो. मागणीवरून आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची फेरी, ठरते. आकारणी पीक आणि क्षेत्रावर होते. पाणी वापर संस्था असेल तिथे संस्थेच्या तोंडाशी घनमापन करून. संस्थांना 2005 च्या कायद्याने अधिकार दिले आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने आलेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठोक दर ठरवते. वीजबिलाचा 81 टक्के भार शासनाने उचलायचा आणि 19 टक्के लाभधारकांकडून घ्यायचे, हे सूत्र या योजनांना लागू आहे. वरच्या उदाहरणात शेतकऱ्याच्या वाट्याला 12,500 पैकी 2,375 रुपये येतात.

वसुलीचा सर्वांत चालता मार्ग साखर कारखान्याचा. उसाच्या बिलातूनच पट्टी कापून घेतात. शेतकऱ्याला ती जाणवते कमी आणि यंत्रणेला दारोदार फिरावे लागत नाही. अडचण अशी की ऊस दुसऱ्या कारखान्याला गेला की कपात निसटते आणि द्राक्ष, डाळिंब, हळद यांच्या बिलाला कुणाची कात्रीच लागत नाही. परिणामी वसुलीच्या सोयीने ऊसच योजनेचा लाडका ग्राहक ठरतो, जरी एका घनमीटरमागे द्राक्षाचे उत्पन्न पुष्कळ जास्त असले तरी.

सगळ्यात अवघड गाठ विहिरींची आहे. योजनेचे पाणी बऱ्याचदा थेट रानात न सोडता ओढे, तलाव, येरळा, अग्रणी, माण यांच्या पात्रांत सोडतात. बंधारे भरतात, आजूबाजूच्या विहिरींना पाझर फुटतो. मग बागाईतदार म्हणतो, “आमच्या विहिरीचं पाणी हाय, पट्टी कशाची?” त्याचे म्हणणे खोटे नसते, पुरेही नसते. विहिरीत आलेल्या पाण्यातले किती पावसाचे आणि किती पंपाचे, हे मोजायचे साधन कुणाकडे नाही. लाभ दोन्ही काठांना आणि अर्ज मोजक्यांचे. त्यात टंचाई जाहीर झाली की वीजबिल टंचाई निधीतून भरले जाते. शहाणा माणूस मग फॉर्म भरायच्या आधी टंचाईची वाट पाहतो आणि मागणी कमी नोंदली गेल्याने आवर्तन लांबते. हा दोष शेतकऱ्याच्या हेतूतला नाही, नियमाच्या मांडणीतला आहे.

पट्टी देण्याची ऐपत नाही, हे मात्र सरसकट खरे नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागेला पाणी हवेच. तेव्हा 10,000 लिटरच्या टँकरला शेतकरी शेकड्यांनी रुपये मोजतो. तेवढेच, म्हणजे 10 घनमीटर, पाणी 200 मीटर चढवायला 8 युनिट वीज लागते. शेतकरी पैसे खात्रीच्या पाण्याला देतो. आवर्तनाची तारीख पाळली जात नाही, तिथे पट्टीही थकते.

काय बिघडते

टप्प्यांची योजना साखळीसारखी असते. दुसऱ्या टप्प्याची वीज गेली आणि पहिला चालू राहिला, तर मधला हौद भरून सांडव्यातून पाणी वाया जाते. पहिला बंद पडून दुसरा चालू राहिला, तर हौदाचा तळ लागतो आणि पंप हवा ओढतो. वीज अचानक गेली की चढत्या नळातला पाण्याचा स्तंभ उलटा येतो, झडप आपटते आणि दाबाच्या त्या तडाख्याने सांधे फुटतात. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्याची पातळी खाली गेली की पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागतो. ही पंख्याची पाती खाल्ली जाण्याची खूण. गाळाने पात्यांभोवतीची फट वाढली की तेवढ्याच पाण्याला जास्त वीज लागते. बिल वाढते, पण दर वाढल्यासारखे वाटून कारण कुणी शोधत नाही. शिवाय उच्चदाब जोडणीचा मागणी आकार, म्हणजे वापरावर नव्हे तर जोडणीच्या क्षमतेवर लागणारा आकार, पंप बंद असतानाही लागतो. वर्षातून थोडेच महिने चालणाऱ्या योजनेत तो प्रत्येक घनमीटरवर जड पडतो. बिल थकले की जोडणी तुटते, आणि तुटलेल्या काळाचेही बिल साचत राहते.

महापुराचे पाणी याच पंपांनी दुष्काळी भागात न्यावे, अशी सूचना दर पुरात होते. तलाव भरायला ती उपयोगी आहे. पूर ओसरायला नाही. फुगलेल्या कृष्णेतून लाखांच्या पटीत क्युसेक पाणी जाते आणि पंप उचलतात हजारांच्या पटीत.

वाटपाचा वाद

पाणी कुणाला, हा प्रश्न दरापेक्षा जुना आहे. पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी वाटपाची, म्हणजे जमिनीच्या आकारावर न जाता कुटुंबामागे पाणी देण्याची, मागणी लावून धरली. बंदिस्त नळाची वितरण व्यवस्था या मागणीला सोयीची ठरते, कारण उघड्या चारीत मुखाजवळचा शेतकरी आधी भिजवून घेतो आणि शेवटच्याला ओल तेवढी मिळते. नियमाने पाणी टेल टू हेड, म्हणजे शेवटाकडून मुखाकडे, द्यायचे असते. प्रत्यक्षात रात्री दारे कोण उघडतो, यावर ते ठरते. उलट नदीकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात पाणी इतके झाले की काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाण्याने जमीन मरते आणि दुसऱ्या टोकाला पाण्यावाचून.

सौरवीज

म्हैसाळ योजनेला सौरवीज पुरवण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. यातून युनिटचा खर्च उतरतो, भांडवली खर्च चढतो. पंप आवर्तनात रात्रंदिवस चालतात आणि सूर्य दिवसाच, त्यामुळे वीजजाळ्याशी देवाणघेवाण लागतेच. मागणी आकारही पूर्ण सुटत नाही. वीज जवळजवळ फुकट वाटू लागली की उपसा वाढवण्याचा मोह होतो आणि वरच्या टप्प्यांवर ऊस पसरतो. बिलच उरले नाही तर 19 टक्के नेमके कशाचे घ्यायचे, हे सूत्रही तेव्हा नव्याने मांडावे लागेल.