मोटर कंट्रोलर चिपमध्ये करंट नेमका कधी मोजायचा, यामागची जुनी गोष्ट

ब्रशलेस मोटर चालवायच्या आजकालच्या बऱ्याच चिपची डेटाशीट उघडा, गेट ड्रायव्हरच्या (स्विच चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) शेजारी तीन करंट सेन्स अॅम्प्लिफायर (करंटचा बारीक सिग्नल मोठा करणारे) दिसतात, आणि पुढे कुठेतरी पीडब्ल्यूएम (स्विच भराभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवायची पद्धत) सेंटर अलाइन्ड ठेवा, एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) ट्रिगर टायमरकडूनच द्या असं लिहिलेलं असतं. नवीन माणूस हे वाचतो, तसंच करतो, मोटर फिरते, विषय संपला. पण हे असंच का, याच्या मागे बरीच वर्षं आहेत.

सुरुवात ब्रश काढण्यापासून. साध्या डीसी मोटरमध्ये कुठल्या कॉइलला कधी करंट द्यायचा हे कम्युटेटर आणि कार्बन ब्रश ठरवतात, ते घासतात, ठिणग्या पडतात. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी यांनी हे काम सॉलिड स्टेट स्विचने करून दाखवणारा पेपर लिहिला, ब्रशलेस डीसी मोटरचा इतिहास लोक सहसा तिथूनच मोजतात. कल्पना भारी, पण स्विच कुठे होते तेव्हा? थायरिस्टर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात, पण तो एकदा चालू झाला की गेटवरून बंद होत नाही, आणि मोठे बायपोलर ट्रान्झिस्टर बंद व्हायला इतका वेळ घ्यायचे की पीडब्ल्यूएम काही किलोहर्ट्झवरच ठेवावा लागायचा, म्हणजे मोटर सतत किंचाळणार.

पीडब्ल्यूएमची गरज मात्र सगळ्यांना पटलेली होती. २४ व्होल्टच्या सप्लायवरून मोटरला १२ व्होल्ट, १० अँपिअर द्यायचे आणि मधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवला तर तो एकटाच १२० वॅट उष्णता करत बसतो. त्यापेक्षा पूर्ण चालू, पूर्ण बंद, आणि सरासरी काढायचं काम वाइंडिंगच्या इंडक्टन्सवर (करंट एकदम बदलू न देण्याच्या गुणावर) सोडून द्यायचं. साइन वेव्हची त्रिकोणी वेव्हशी तुलना करून पल्स पाडायची पद्धत शोनुंग आणि श्टेमलर यांनी १९६४ मध्येच मांडली होती. १९७० चं दशक संपता संपता पॉवर मॉस्फेट आले, इंटरनॅशनल रेक्टिफायरचा हेक्सफेट त्यातलाच, आणि मग २० किलोहर्ट्झ, म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या पलीकडे जाणं परवडायला लागलं.

करंट मोजणं तोपर्यंत फक्त जीव वाचवण्यापुरतं होतं. मोटोरोलाची एमसी३३०३५ ही चिप घ्या, हॉल सेन्सरचे (रोटर कुठे आहे ते सांगणारे) तीन सिग्नल आत, सहा स्विचचे सिग्नल बाहेर, आणि करंटसाठी एकच कंपॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला का एवढंच सांगणारा), थ्रेशोल्ड १०० मिलिव्होल्ट. ५ मिलिओहमचा शंट, म्हणजे करंटच्या वाटेतला छोटा रेझिस्टर, लावला की २० अँपिअरला तो पल्स कापणार, पुढची सायकल सुरू झाली की परत चालू. किती करंट आहे हे चिपला माहीतच नाही, जास्त झाला की नाही एवढंच कळतं. आणि तेवढ्यातही भानगड होतीच, कारण मॉस्फेट चालू होताना शंटवर एक टोकदार स्पाइक येतो आणि कंपॅरेटरला वाटतं की झाला ओव्हरकरंट! म्हणून डेटाशीटमध्येच आरसी फिल्टर लावायचा सल्ला होता. म्हणजे मोजमापात घाण करणारा पीडब्ल्यूएमच, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत होतं.

खरी गरज दुसरीकडून आली. सिक्स स्टेपमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या हॉल सिग्नलप्रमाणे सहा टप्प्यांत वाइंडिंग बदलत जायच्या पद्धतीत, टॉर्क थोडा धक्के देतो, तो गुळगुळीत हवा असेल तर फेजचे (मोटरच्या तीन वाइंडिंगचे) करंट रोटरच्या कोनाप्रमाणे सतत सांभाळावे लागतात. त्याचं गणित जुनं आहे: फेजचे करंट रोटरच्या नजरेतून मांडणारं पार्कचं रूपांतर १९२९ चं, एडिथ क्लार्क यांचं पुस्तक १९४३ चं, आणि १९७० च्या आसपास हासे आणि सीमेन्सचे ब्लाश्के यांनी त्यातून फील्ड ओरिएंटेड कंट्रोल (रोटरच्या कोनाप्रमाणे करंट सांभाळायची पद्धत) उभा केला, तोही इंडक्शन मोटरसाठी. मात्र दर सायकलला इतकं गणित करणारा स्वस्त प्रोसेसर यायला १९९० चं दशक उजाडलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२४० सारख्या डीएसपीमध्ये (असं गणित भराभर करणाऱ्या प्रोसेसरमध्ये) पीडब्ल्यूएमचे टायमर आणि एडीसी एकाच चिपवर आले, आणि टायमर स्वतःच एडीसीला सुरू कर म्हणून सांगू शकत होता. माझ्या मते चिपच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच, गणिताच्या वेगाचं कौतुक सगळे करतात पण करंट कुठल्या क्षणी बघायचा हे हार्डवेअरच्या हातात आलं ते तिथे.

तो क्षण कुठला ते जरा बघू. २० किलोहर्ट्झला एक सायकल ५० मायक्रोसेकंदांची. काउंटर वर जातो, खाली येतो, पल्स मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, हाच सेंटर अलाइन्ड पीडब्ल्यूएम. करंटला रिपल (प्रत्येक सायकलचा छोटा चढउतार) असतो, पण पल्सच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ सरासरीवरच असतो, आणि स्विचिंगच्या कडा तिथून सगळ्यात लांब असतात. म्हणजे फिल्टर न लावताच सरासरी मिळते, ज्याने घाण केली त्यानेच शांत जागा काढून दिली. आता प्रत्येक फेजला सप्लायकडे एक वरचा आणि ग्राउंडकडे एक खालचा मॉस्फेट असतो; लो साइड शंट, म्हणजे खालच्याच्या खाली लावलेला, असेल तर खालचा मॉस्फेट चालू असतानाच त्यातून करंट जाणार. ड्यूटी (वरचा मॉस्फेट सायकलच्या किती भागात चालू) ९५ टक्के झाली की खालच्याला उरतात २.५ मायक्रोसेकंद, त्यातून दोन्हीकडचा अर्धा अर्धा मायक्रोसेकंद डेड टाइम (दोन्ही मॉस्फेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून दोन्ही बंद ठेवायचा वेळ) काढा, उरले १.५, आणि सँपल मध्यावर घ्यायचं म्हणजे रिंगिंग (स्विचिंगनंतरची थरथर) थांबून अॅम्प्लिफायर स्थिरावायला पाऊण मायक्रोसेकंद. बऱ्याच अॅम्प्लिफायरना हे जमत नाही.

म्हणूनच तीन शंट. तिन्ही करंटची बेरीज शून्य असते, म्हणजे दोन पुरेत, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्याच डीआरव्ही८३०१ या गेट ड्रायव्हर चिपमध्ये अॅम्प्लिफायर दोनच होते. पण त्या दोनांपैकी एका फेजची ड्यूटी वर गेली की अडलंच. नंतरच्या डीआरव्ही८३२३ मध्ये तीन आले, जी फेज अडचणीत असेल ती सोडायची आणि उरलेल्या दोनांवरून काढायची. उलट टोकाला एकच शंट, डीसी लिंकमध्ये (सगळ्या फेजना सप्लाय देणाऱ्या सामाईक वाटेत), आणि स्विच कुठल्या स्थितीत आहेत त्यावरून फेज करंट ओळखायचे. यावर ग्रीन आणि विल्यम्स यांचा पेपर १९८९ चा आहे. भाग वाचतात, पण दोन फेजची ड्यूटी सारखी झाली की मोजायला मिळणाऱ्या वेळेची खिडकी इतकी अरुंद होते की पल्स मुद्दाम सरकवावे लागतात.

शंट फेजच्या तारेतच टाकला तर खिडकीचा प्रश्न मिटतो, पण मग १ मिलिओहमवर २० अँपिअरचे २० मिलिव्होल्ट मोजताना दोन्ही टोकं प्रत्येक सायकलला ० ते ४८ व्होल्ट उड्या मारत असतात, आणि ती उडी सिग्नलच्या २४०० पट! आयएनए२४० सारखे अॅम्प्लिफायर खास यासाठीच बनले.

शंट म्हणून पीसीबीचा तांब्याचा ट्रॅक वापरणारे लोक आहेत, कृपया करू नका, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे १०० अंश तापलं की रीडिंग जवळपास ४० टक्क्यांनी फसवणार. तापमानाने जवळजवळ न हलणारं मँगनिन हे मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ मध्येच करून ठेवलंय.

शंटच काढून खालच्या मॉस्फेटवरचा व्होल्टेज वाचायची सोयही डीआरव्ही८३२३ मध्ये आहे, पण मॉस्फेटचा ऑन रेझिस्टन्स तापला की तांब्यापेक्षाही जास्त पळतो, त्यामुळे शॉर्ट पकडायला ठीक, टॉर्क सांभाळायचा तर तापमान भरपाई करावीच लागते. आणि पंखा किंवा छोटा पंप असेल तर एवढं काहीच लागत नाही, तिथे अजूनही सिक्स स्टेप, एक शंट आणि एक कंपॅरेटर यावर निवांत भागतं.