सोलापुरात प्लेटलेट्स हव्यात? आधी मागणीपत्र, मग डोनर

पावसाळा सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढले की 'पेशी कमी झाल्यात, डोनर घेऊन या' असे फोन सुरू होतात. मोहोळ, अक्कलकोटहून जीप भरून माणसं सोलापुरात येतात आणि त्यातल्या बहुतेकांची गरजच पडत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा: काउंट (रक्तातल्या प्लेटलेट्सची संख्या) किती, रक्तस्राव आहे का, आरडीपी हवी की एसडीपी, म्हणजे प्लेटलेट्सच्या दोन प्रकारांपैकी कोणती पिशवी? रक्तस्राव नसेल आणि ऑपरेशनही नसेल, तर डेंग्यूत साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट्स चढवतात. ४० हजारांवर पिशवीसाठी हट्ट धरू नका.

आरडीपी म्हणजे नेहमीच्या रक्तदानातून वेगळी काढलेली पिशवी. एका पिशवीने मोठ्या माणसाचा काउंट ५ ते १० हजारांनी वाढतो. तपासणी झालेला साठा असेल तर ही लगेच मिळते. एसडीपीत एकाच दात्याच्या रक्तातून मशीन फक्त प्लेटलेट्स घेतं आणि बाकीचं रक्त त्याला परत देतं. काउंट ३० ते ५० हजारांनी वाढतो. हे मशीन प्रत्येक रक्तपेढीत नसतं, त्यामुळे निघण्याआधी फोन करा. कुठे काय शिल्लक आहे ते ई-रक्तकोश या सरकारी वेबसाइटवरही दिसतं, पण फोन केलेला बरा.

रक्तपेढीत मुख्य कागद एकच, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं मागणीपत्र. त्यावर पेशंटचं पूर्ण नाव, वय, आयपीडी (हॉस्पिटलात भरती झाल्याचा) नंबर, रक्तगट, आजार, काउंट आणि किती पिशव्या हे सगळं हवं. सोबत रक्ताचा नमुना. ट्यूबवरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. कागदावर 'महादेव' आणि ट्यूबवर 'महादेवप्पा' असेल तर नमुना परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. महात्मा फुले योजनेतून उपचार चालू असतील तर रेशन कार्ड, आधारही जवळ ठेवा.

एसडीपीचा दाता १८ ते ६० वयाचा, ५० किलोच्या वर वजनाचा आणि दीड लाखाच्या वर काउंट असलेला लागतो. हिमोग्लोबिन किमान १२.५. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. महिन्याभरात रक्तदान केलं असेल तर तोही चालत नाही. हाताची शीर ठळक असलेला दाता आणा. त्याच्याकडे ओळखपत्र असू द्या. आधी एचआयव्ही, कावीळ वगैरेंच्या तपासण्या, मग मशीनवर दीड-दोन तास, म्हणजे अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

रक्त विकणं-विकत घेणं १९९८ पासून बंद आहे. पावती फुटते ती प्रक्रिया शुल्काची. पावतीशिवाय कुणी दारात पैसे मागत असेल तर देऊ नका.

पिशवी हातात आली की बर्फात ठेवू नका. घोळ इथेच होतो, कारण रक्ताची पिशवी थंड नेतात हे सगळ्यांना माहीत असतं. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवतात, आणि तरीही त्या पाचच दिवस टिकतात. गाडीच्या डिकीत, सोलापूरच्या उन्हात तर नकोच. पिवळसर पिशवी उजेडात धरून अलगद हलवली की आत धुरासारख्या लाटा फिरताना दिसतात. चांगल्या पिशवीची ही खूण.

वॉर्डात पोचताच पिशवी नर्सच्या हाती द्या. ती फ्रिजमध्ये न ठेवता साधारण अर्ध्या ते एका तासात चढवतात. मध्येच थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला तर ताबडतोब नर्सला सांगा. पिशवी संपल्यावर तासाभरात काउंट केला, तर तिचा उपयोग किती झाला ते कळतं.