चिंध्यांचा बटवा, मग एवढा महाग कसा?

नाशिकमध्ये प्रदर्शनात जुन्या पैठणीचा बटवा हातात घेतला की हमखास विचारणा होते, "कापड तर फुकटचंच ना?" हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा.

एक तर ते फुकट मिळत नाही. जुन्या रेशमाला आणि जरीला गिऱ्हाईक असतं, येवल्याच्या पैठणीला तर असतंच. पण खरा खर्च पुढे सुरू होतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलेलं रेशीम नेमकं घडीवरच विरतं. साडी उजेडासमोर धरली की त्या रेषेत बारीक भोकं दिसतात. तेवढा भाग बाद. पदरावरचा मोर आणखी नाजूक. त्यातला प्रत्येक रंग वेगळ्या आडव्या धाग्याने विणलेला, त्यामुळे कात्री लागली की कडेचे धागे सुटू लागतात. म्हणून कापण्याआधी मागून इस्त्रीने फ्युजिंग, म्हणजे एका बाजूला गोंद असलेलं पातळ कापड, चिकटवायचं. (त्याचा गोंद बहुतेक वेळा कृत्रिमच, तेव्हा 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लेबल लावणाऱ्यांनी जरा जपून.)

नव्या कापडाचे थर रचून कितीतरी बटवे एकदम कापता येतात. इथे प्रत्येक तुकडा वेगळा, काठ जुळवायचा तोही वेगळा. शिवणाऱ्या ताईंची मजुरी त्या हिशेबानेच द्यावी लागते. अस्तर, चेन, दोरी तर नवीच.

घासाघीस जरूर करा, पण आधी बटवा उलटा करून बघा. अस्तर नसेल आणि कडा सुटलेल्या दिसल्या, तर खुशाल भाव पाडा.